बावीस पानांतली एक ओळ

एका कंपनीच्या वकिलाची मेल दुपारी आली. 'आज सहापर्यंत आमचं इंजिन तुमच्या प्रोग्रॅममधून काढा, अन्यथा तुमच्यावर वैयक्तिक कारवाई.' वैयक्तिक म्हणजे माझ्यावर, सुप्रीतावर!

चूक माझीच. दोन वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या भावाला, गुंडोअण्णाला अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली, अक्षरंही गेली. म्हणून मी प्रोग्रॅम लिहिला: फोनवरचं चित्र दाबा, फोन बोलतो. पाणी, भूक, सुप्रीताला फोन लाव. असल्या आणखी माणसांना उपयोग व्हावा म्हणून कोड सगळ्यांना खुला ठेवला. बोलायचं काम करणारं इंजिन, रनटाइम म्हणतात ते, मात्र त्या कंपनीचं. स्वतःपुरतं वापरा, पण खुल्या प्रोग्रॅममध्ये घालून वाटू नका, असं लायसन्सच्या बावीस पानांत कुठेतरी लिहिलेलं. कोण मेलं वाचतं! मी ते आत घातलं आणि सवयीने वर नेहमीची फाइल डकवली: हे सगळं घ्या, बदला, वाटा. दुसऱ्याच्या मालावर माझी परवानगी!

"आधी काढ गं," शेजारच्या टेबलावरचा उल्हास म्हणाला. तो पुण्याचा, कायम शांत. "मग ज्याने त्याने कंपनीच्या साइटवरून इंजिन स्वतः घ्यायचं. ते लीगल आहे."

"अण्णा घेणार? त्याला स्वतःचं नाव वाचता येत नाही!"

पण भीती वाईट. साडेपाचला मी इंजिन काढलेली नवी आवृत्ती चढवली. उघडल्याबरोबर प्रोग्रॅम नवी आवृत्ती आपोआप घेतो, अशी व्यवस्था मीच केलेली. घरी कळवायचंही सुचलं नाही.

पावणेसहाला अण्णाचा फोन. पलीकडे नुसता श्वास, धापा टाकल्यासारखा.

"अण्णा? काय झालं? पडलास का? हो असेल तर फोनवर बोटाने एकदा वाजव, नाही असेल तर दोनदा."

टक. टक टक. टक टक टक. थांबेचना. तो चित्र दाबत होता, पुन्हा पुन्हा, आणि चित्र मुकं होतं. वासंतीवहिनी ऑफिसात, उल्हास तिला फोन लावत होता, पण लागेना. अण्णा शहराच्या एका टोकाला यशवंतपूरला, घरी एकटा, मी दुसऱ्या टोकाला एचएसआरला. या वेळी टॅक्सीला दोन तास, काय करू देवा!

मी लॅपटॉप ओढला. जुनी आवृत्ती परत चढवायला घेतली.

"सुप्रीता, थांब!" उल्हास घाबरला. "आता 'मला माहीत नव्हतं' म्हणता येणार नाही. जाणूनबुजून केलं म्हणतील."

"सरी, ठीक आहे. म्हणू देत!" घाईत पासवर्ड दोनदा चुकला. तिसऱ्यांदा बरोबर लागला आणि जुनी आवृत्ती चढली.

"अण्णा, फोन ठेवू नको. चित्रं बंद कर, परत उघड. स्वल्प थांब, मग दाब."

काहीच नाही. श्वासही ऐकू येईना. घड्याळात सहा वाजून गेले.

मग तो यंत्राचा सपाट आवाज आला: "छातीत दुखतं."

उल्हासने ॲम्ब्युलन्सला फोन लावला, पत्ता ओरडून सांगू लागला. पलीकडून तेच, तेच: छातीत दुखतं, छातीत दुखतं. मी फोन कानाला घट्ट धरून म्हणत राहिले, "हो अण्णा, ऐकू आलं. ऐकू आलं मला."