गैरहजराची बाजू

त्या रविवारी जयंत देशकर बरखेड्याहून दुपारी दीडला घरी आले, ते शीळ घालतच. रेवती जेवणाच्या टेबलावर पेपर तपासत बसली होती. आई गेल्यापासून सोनागिरीतल्या त्या घरात बापलेक दोघंच. ती कॉलेजात इतिहास शिकवायची, आणि ते कारखान्यात लेथवर धातू कापणारे टर्नर, आता निवृत्त झालेले.

“आज स्नेहाला गप्प केलं,” चपला काढता काढता ते म्हणाले.

“कशावरून?”

“आमचं नेहमीचंच. तू कंटाळशील.”

ती कंटाळली नसती. पण तसं बोलली नाही. पेपर बाजूला सारून तिनं पानं वाढली. वांग्याच्या भाजीत मीठ चांगलंच कमी पडलं होतं, हे पहिल्या घासाला तिला कळलं.

“बाबा, मीठ कमी आहे ना?”

“नाही गं. बरोबर आहे.”

जेवण झाल्यावर ते कॅसेट प्लेअरपाशी गेले, कापसाच्या बोळ्यानं हेड पुसलं आणि क्षणभर थांबले. “नवीन ऐकायचंय का? फोनवर आहे माझ्या.”

“नको. तुमचं जुनं आहे तेच बरं.”

“तू म्हणशील तसं,” म्हणत त्यांनी ‘ओव्हरटाइम’ लावली.

‘ओव्हरटाइम’ ही ‘सेकंड शिफ्ट’ची पहिली कॅसेट. कारखान्याच्या वसाहतीतल्या चार पोरांनी शहाऐंशी साली काढलेला रॉक बँड. हिंदीत गायचे आणि गिटार अशी वाजवायचे की शेजारी भिंतीवर थापा मारत. पुढे मुंबई-दिल्लीत नाव झालं, माणसं बदलली, केस पिकले, तरी बँड बंद पडला नाही. त्याच वसाहतीत, बरखेड्यात, मिलिंद आगाशेंच्या व्हरांड्यात दर रविवारी त्या बँडचे जुने भक्त जमायचे आणि त्याचं काय चुकलं, काय नाही, यावर तावातावानं भांडायचे. चाळीस वर्षं. रेवतीला जन्मापासून हा रविवार ठाऊक होता, आणि ती तिथे एकदाही गेली नव्हती. तिला कुणी नको म्हटलं नव्हतं. ये, असंही कुणी म्हटलं नव्हतं.

सोमवारी सकाळी दूध आणायला गेलेले बाबा दुधाच्या बूथसमोरच बसले, आणि उठले नाहीत.

घरी माणसं जमली तेव्हा रेवती कोरड्या डोळ्यांनी कुणाला पाणी दे, कुणाला फोन कर, यात गुंतली होती. रडत होती ती स्नेहा. तिशीची, गोविंदपुऱ्यातल्या एका छोट्या युनिटमध्ये यंत्रभागांची ड्रॉइंग काढणारी, रविवारच्या टोळीतली सगळ्यांत लहान. दाराशी बसून ती अशी रडली की नागपूरहून आलेल्या एका लांबच्या मामी थेट तिच्याकडे गेल्या, तिचं डोकं छातीशी धरलं आणि म्हणाल्या, “बापाची लाडकी होतीस गं.” रेवती हातात पाण्याचा तांब्या घेऊन दोन पावलांवर उभी होती. मामींची चूक तिनं दुरुस्त केली नाही. कुणी केली असती तरी तिला आवडलं नसतं.

तेराव्यानंतर तिनं बाबांचा फोन उघडला. तिला स्वतःला आलेले निरोप तिला पाठ होते. ‘दूध आणले.’ ‘पोचलीस का.’ ‘बरं.’ स्नेहाच्या नावाखाली मात्र बाबांनी बोलून पाठवलेल्या नुसत्या आवाजाच्या फिती: अकरा मिनिटं, सात मिनिटं, चौदा मिनिटं. चौदा मिनिटं बाबा एका दमात बोलू शकत होते, हे तिला त्या दिवशी समजलं. तिनं एकही फीत ऐकली नाही. फोन बंद करून कपाटात साड्यांखाली ठेवून दिला, जणू तो चोरीचा माल होता.

दीड महिन्यानं मिलिंदकाकांचा फोन आला. “रेवती, रविवारी ये बेटा. तुझ्याशिवाय अडलंय आमचं.”

“माझ्याशिवाय?”

“ये तर सही.”

ती गेली. क्वार्टरच्या व्हरांड्यात तीन खुर्च्या होत्या. मिलिंदकाका एकेकाळी क्रेन चालवायचे. बोलतानाही वर बघून बोलायची सवय गेली नव्हती. शेजारी बारीक अंगाचा समीर, बाबांच्याच वयाचा; कारखान्यात तयार माल तपासणारा इन्स्पेक्टर होता, त्याला प्रत्येक गोष्टीत खोट दिसायची. स्नेहा पायरीवर बसली होती. तिसऱ्या, वेताच्या खुर्चीत कुणी नव्हतं. काकांच्या पत्नी मंजूषाकाकूंनी आतून पोहे आणले आणि सगळ्यांत आधी रेवतीच्या हातात बशी दिली.

“आमचा एक कायदा आहे,” मिलिंदकाका म्हणाले. “नोकरीत असताना आम्ही सगळे शिफ्टवाले. चार जण एकत्र मोकळे, असा महिन्यातून एखादाच रविवार यायचा. मग जो ड्यूटीवर, त्याची बाजू दुसऱ्यानं मांडायची. इमानदारीनं. त्याच्या खुर्चीत बसून, ‘मी’ म्हणून बोलायचं. गैरहजर आहे म्हणून कुणी हरता कामा नये.”

“आणि मी बसलो की मुद्दाम लंगडी बाजू मांडतो, असा आरोप आहे,” समीर म्हणाला.

“आरोप नाही. सिद्ध झालंय,” स्नेहा म्हणाली.

“आता जयंत तर...” मिलिंदकाकांनी पुन्हा वर बघितलं. “तो गेला म्हणून त्याची बाजू पडू द्यायची नाही, असं आमचं ठरलं. महिनाभर स्नेहाच बसते आहे त्याच्या खुर्चीत. पण ती म्हणाली, हक्क तुझा.”

रेवतीनं स्नेहाकडे पाहिलं. महिनाभर ही पोरगी बाबांच्या खुर्चीत बसून ‘मी’ म्हणत होती. आणि आता हक्क वाटतेय, उरलेल्या प्रसादासारखा.

“वादाचा मुद्दा काय आहे?” तिनं विचारलं, वर्गात विचारावं तशा आवाजात.

समीरनं सांगितलं. ‘सेकंड शिफ्ट’चा नवा अल्बम, ‘हाजिरी’. ड्रम नाहीत, गिटार नावापुरती, एक सारंगी, आणि साठी उलटलेला गायक जवळजवळ कुजबुजतो. “एक पक्ष म्हणतो बँड संपला, आता मयताला आल्यासारखं गातात. दुसरा म्हणतो, आत्ता कुठे त्यांना गाता येतंय.”

रेवती वेताच्या खुर्चीत बसली. खुर्ची उजवीकडे थोडी झुकत होती, बाबांच्या वजनानं. तिला वाटलं, यात अवघड ते काय. पुस्तकांत आयुष्य गेलेल्या बाईला बापाची बाजू मांडता येणार नाही? ती नीट, मुद्देसूद बोलली. ‘ओव्हरटाइम’मध्ये जो राग होता तो थकलेल्या कामगारांचा होता, तो खरा होता, पुढे आलं ते नाव आणि सवय, ज्यानं एकदा ओरडून खरं सांगितलं त्यानं आता कुजबुजू नये, गप्प बसावं. “मी रोज ‘ओव्हरटाइम’च ऐकतो,” ती शेवटी म्हणाली. “बाकीचं मला लागत नाही.”

समीर पोह्यातले शेंगदाणे वेगळे करू लागला.

“हे तर समीरचं म्हणणं झालं,” मिलिंदकाका हलकेच म्हणाले. “माझंही. स्नेहाचंही.”

“मग बाबांचं?”

“तो एकटा उलटा होता बेटा. आम्ही तिघं एकीकडे, तो एकीकडे.”

स्नेहा पायरीवरून उठली नाही. खाली बघत बोलली. “काका म्हणायचे, नवा टर्नर हत्यार दाबतो. तीस वर्षांनी तो नुसतं टेकवतो, आणि धातू आपणहून सुटत जातो. बघणाऱ्याला वाटतं म्हाताऱ्याच्या हातात जोर नाही राहिला.”

वाक्य बाबांचं होतं. रेवतीनं ते कधी ऐकलं नव्हतं, तरी ओळखलं.

“पण घरी तर ते...” ती म्हणाली. “रोज जुनी कॅसेट. बावीस-तेवीस वर्षं.”

“इथं तर नाव काढू द्यायचा नाही तिचं,” समीर म्हणाला. “म्हणायचा, कान किटले माझे त्या कॅसेटनं.”

तेव्हा तिला आठवलं. दहावीचं वर्ष. बाबांनी हौसेनं बँडची नवी कॅसेट आणून लावली होती, आणि पुस्तकातून मान वर न करता ती म्हणाली होती, ही नको, जुनीच लावा, ती लागली की माझा अभ्यास होतो. त्यांनी ती तिथल्या तिथे बदलली. त्यानंतर घरात दुसरी वाजली नाही. मीठ बरोबर आहे. तू म्हणशील तसं. शिकलेल्या मुलीपुढे त्यांनी कधी स्वतःची बाजूच मांडली नव्हती. ती सगळी चार किलोमीटरवर, इथं येऊन मांडत होते.

ती खुर्चीतून उठली. “स्नेहा, तू बस.”

“ताई, तसं नको. मला...”

“बस. तुला येते त्यांची बाजू. मला येत नाही.” ती पायरीवर, स्नेहाच्या जागी जाऊन बसली. “मी विरुद्ध बोलणार आहे. तसं चालतं ना तुमच्या कायद्यात?”

“चालतं,” मिलिंदकाका म्हणाले.

स्नेहा खुर्चीच्या कडेवर टेकली. जरा वेळानं मागे रेलली आणि उजवीकडे झुकली. ही पोरगी झुकतेही अगदी बाबांसारखी, रेवतीला वाटलं.

“बोल,” स्नेहा म्हणाली. त्यांच्यासारखंच, एका शब्दात.

“बाबा,” रेवती म्हणाली, “तुम्ही चुकताय. ‘हाजिरी’ मी ऐकलेला नाही, तरी सांगते, तुम्ही चुकताय. आणि त्या भाजीत मीठ कमी होतं.” तिचा आवाज चढला होता, त्याची तिला लाज वाटली नाही. “तुम्ही या मुलीशी चौदा-चौदा मिनिटं भांडलात. मला तिचा हेवा वाटतो. वर्षानुवर्षं वाटतोय. मला तुमचे लाड नको होते, बाबा. माझ्याशी भांडायचं होतं तुम्ही.”