डॉक्टरांच्या गाडीची गळती

लग्न मोडल्यावरही चष्मेवाला दर रविवारी सासरी जात होता.

हे तो कोणाला सांगत नसे. सांगून कोणाला पटलं नसतं. झालं असं, की कोर्टाचा शेवटचा कागद हातात पडला त्याच आठवड्यात दुकानातला फोन वाजला. सासऱ्यांचा होता. कागदाची एक प्रत त्यांच्या मुलीलाही गेली असणार, म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. पण ते एवढंच म्हणाले, "जावईबापू, गाडी गळतेय. रविवारी येता का?"

आणि तो गेला. मग जातच राहिला.

सासरे दातांचे डॉक्टर. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचा दवाखाना होता. "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, माझं तर अख्खं घर उभं राहिलं," असं ते नेमकं पेशंटचं तोंड उघडं असताना म्हणायचे, त्यामुळे बिचाऱ्याला हसताही येत नसे. पुढे हात कापायला लागले आणि दवाखाना बंद झाला. खुर्ची तेवढी राहिली, कारण ती दारातून बाहेर निघेना. आणि राहिली मागच्या शेडमधली गाडी. गडद हिरवी, गोल दिव्यांची, डॉक्टरांनी तरुणपणी घेतलेली. तिचे सुटे भाग बनवणारा कारखानाही आता उरला नव्हता.

चष्मेवाल्याचे हात बारीक कामात मुरलेले. लग्न झालं तेव्हापासून रविवारी सकाळी सासरा-जावई बॉनेटखाली डोकं घालून उभे असायचे. "तू लग्न माझ्याशी केलंस की बाबांच्या गाडीशी?" असं बायको विचारायची. पहिली काही वर्षं हसत विचारायची. मग तिला दुसऱ्या गावात चांगली नोकरी लागली. आधी ती सुट्टीला यायची, मग कामं वाढली, मग यायचं राहिलं. भांडण म्हणावं असं काही झालंच नाही. झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं, असं त्याला वाटायचं.

डॉक्टरांच्या घरात या विषयावर अळीमिळी गुपचिळी होती. बैठकीतला लग्नाचा फोटो एका रविवारी भिंतीवर नव्हता, तिथं कॅलेंडर आलं होतं. त्यानं पाहिलं, डॉक्टरांनी तो पाहतोय हे पाहिलं, आणि दोघं शेडकडे गेले. हाक मात्र तीच होती. जावईबापू. त्या एका हाकेवर तो सोमवारपासून शनिवारपर्यंत लोकांच्या नाकावर चष्मे बसवत होता.

गळती मात्र हटत नव्हती. कार्बोरेटरचं पॅकिंग बदललं, नीडल घासून पुसून बसवली, नळीचे सांधे आवळले. चार दिवस बरे जायचे आणि पुन्हा खाली ओला डाग. त्या रविवारी तो पोचला तेव्हा पेट्रोलचा वास पार फाटकापर्यंत आला होता.

डॉक्टरांनी बॉनेट उचललं. "आ करा," गाडीला म्हणाले. हा त्यांचा ठरलेला विनोद. पण आज तो त्यांनी घाईघाईनं उरकला. त्यांनी दाढीही केली होती आणि इस्त्रीचा शर्ट घातला होता. चष्मेवाल्यानं ते पाहिलं, पण विचारलं नाही.

कार्बोरेटर उतरवून त्यांनी तो दवाखान्याच्या स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवला. डॉक्टर ट्रेवर दिवा धरून उभे राहिले. चष्मेवाल्यानं झाकणाचे स्क्रू काढले आणि दात बघायच्या छोट्या आरशानं आतल्या कडा पाहिल्या. चीर कुठं नव्हती. मग त्यानं आतला पितळी फ्लोट उचलला. पेट्रोलवर तरंगून वरून येणाऱ्या धारेची वाट बंद करायची, एवढंच त्या पोकळ डबीचं काम. त्यानं ती कानापाशी नेऊन हलवली.

आत काहीतरी खळखळलं.

"पेट्रोल शिरलंय आत," तो म्हणाला. "हा तरंगतच नाहीये. बुडून बसतो, म्हणून वाहतंय."

"एवढे दिवस आपण भलतीकडेच औषध लावत होतो म्हणायचं," डॉक्टर म्हणाले. "भोक सापडेल?"

"कढत पाण्यात धरला की बुडबुडे येतील. आणतो पाणी."

स्वयंपाकघरात सासूबाईंनी काही न विचारता पातेलं गॅसवर चढवलं. ओट्यावर नवे कप धुऊन पालथे घातले होते. पाणी तापेपर्यंत त्या पातेल्याकडेच बघत राहिल्या.

"ती येतेय आज," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी. त्यांना घेऊन."

"त्यांना" म्हणजे कोणाला, हे विचारायची गरज नव्हती.

"लग्न कधी झालं?" त्यानं विचारलं.

"झालं. साधंच केलं." पदरानं त्यांनी आधीच कोरडा असलेला ओटा पुसला. "त्यांना तुमचं सगळं माहीत आहे. लपवलेलं काही नाही. पण तुम्ही अजून येता, हे तिलाच माहीत नाही. तेव्हा..."

"मी दुपारीच निघतो, आई."

"आजचं नाही म्हणत मी," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

पाण्याला आधण आलं. ते घेऊन तो शेडकडे परतला. त्यानं पातेलं गाडीपासून लांब, अंगणात ठेवलं आणि चिमट्यानं फ्लोट पाण्यात दाबला. सांध्याजवळून बारीक बुडबुड्यांची माळ वर आली. भोक टाचणीच्या टोकाएवढं होतं.

आता दुरुस्ती अर्ध्या दिवसाची होती आणि दोघांनाही ते कळलं होतं. चष्मेवाल्याच्या मनात येऊन गेलं, की सांगावं, हा फ्लोट गेला, नवा शोधावा लागेल, जुन्या बाजारात बघतो. शोधण्यात वर्ष काढता आलं असतं.

"हे आजच करायचं का?" त्यानं विचारलं.

डॉक्टर दिव्याची वायर गुंडाळत होते. "संध्याकाळी गाडी लागेल मला," ते म्हणाले. वर बघितलं नाही.

म्हणजे गाडी आज कोणासाठी हवी होती तेही कळलं. त्यानं पिशवीतून चष्म्याच्या दांड्या जोडायची आपली सोल्डरची सळई काढली. भोक जरासं मोठं करून आतलं पेट्रोल पार उडेपर्यंत फ्लोट कढत पाण्यात धरला, वाळवला, आणि डाग दिला. जास्तीचा डाग कानशीनं इतका उतरवला की बोटाला जाणवू नये, कारण जड फ्लोट पुन्हा बुडाला असता. आयुष्यात इतकं चांगलं काम त्यानं क्वचितच केलं होतं. करताना त्याला सारखं वाटत होतं, की आपण आपल्याच हातानं दार लावून घेतोय.

इंजिन सुरू झालं. खाली अंथरलेला कागद कोरडा राहिला. डॉक्टर बराच वेळ वाकून त्या कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "जावईबापू—" आणि तेवढ्यात फाटकापाशी टॅक्सी थांबली.

ती दोघं लवकर आली होती.

ती आधी उतरली. केस कापले होते, थोडी भरली होती. शेडच्या दारात त्याला बघून तिचा पाय जागीच अडला. तिच्या मागून आलेला माणूस मात्र थेट गाडीपाशी आला आणि लहान मुलासारखा चेहरा करून गाडीभोवती फिरला. मग ग्रीसनं माखलेल्या चष्मेवाल्याकडे बघून त्यानं हसून मान हलवली.

"हे कोण?" त्यानं डॉक्टरांना विचारलं.

डॉक्टरांचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. त्यांनी मुलीकडे पाहिलं, मग गाडीकडे.

"हे आमचे मेकॅनिक," ते म्हणाले.

इंजिन चालू होतं तेवढं बरं होतं.

"झाली का दुरुस्त?" तिनं विचारलं. त्याच्याकडे बघूनच विचारलं. "तुम्हाला बराच त्रास झाला असेल."

इतक्या वर्षांत ती त्याला कधी तुम्ही म्हणाली नव्हती. रागावल्यावरही नाही.

"झाली," तो म्हणाला. "फ्लोटला भोक होतं."

नव्या माणसानं हात पुढे केला. "राहू द्या, हात खराब आहेत," म्हटलं तरी त्यानं तो हातात घेऊन दाबला. माणूस भला होता. भला नसता तर चष्मेवाल्याला काहीतरी करता आलं असतं, निदान मनातल्या मनात शिव्या घालता आल्या असत्या.

"रविवारीसुद्धा काम करता?" त्यानं कौतुकानं विचारलं. "घरचे ओरडत नाहीत?"

"घरी कोणी नाही," चष्मेवाला म्हणाला.

ती वळून टॅक्सीतलं सामान उतरवायला गेली.

मग डॉक्टर मोठ्या आवाजात म्हणाले, "चला, एक चक्कर मारू." तिघं गाडीत बसली. गाडी अजिबात न कुरकुरता फाटकाबाहेर गेली. त्यानं हत्यारं गोळा केली, ट्रे पुसून जागेवर ठेवला. सासूबाई मागच्या दारात साबण आणि टॉवेल घेऊन उभ्या होत्या. "हात तरी धुवा," त्या म्हणाल्या. त्यानं धुतले. चहाला थांबला नाही, आणि त्यांनीही आग्रह केला नाही.

बऱ्याच दिवसांनी डॉक्टर दुकानात आले. चष्मा पुढे ठेवला आणि म्हणाले, "नीट दिसत नाही." हाक कसलीच मारली नाही. तपासणीच्या खुर्चीत ते पाठ ताठ करून बसले, आणि चष्मेवाल्यानं भिंग बदलत अक्षरं वाचून घेतली.

"गाडी दिली मी," मध्येच ते म्हणाले. "घेऊन गेले ते. तिकडे मोठी जागा आहे." थोड्या वेळानं म्हणाले, "मला त्या वेळी काही सुचलंच नाही हो."

"खालची ओळ वाचा," चष्मेवाला म्हणाला.

त्यांनी वाचायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

"नंबर वाढलाय," तो म्हणाला, आणि चिठ्ठीवर लिहून दिला. काच तयार झाली की माणसाबरोबर पाठवतो, तुम्ही यायची तसदी घेऊ नका, असं तो म्हणाला. डॉक्टर थोडा वेळ दारात थांबले, मग पायऱ्या उतरून गेले.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी त्यानं दुकान उघडलं. काचा पुसल्या, दिवे लावले आणि गल्ल्याशी बसून राहिला. रविवारी हे दुकान बंद असतं हे सगळ्या गल्लीला माहीत होतं, त्यामुळे संध्याकाळपर्यंत कोणी आलं नाही.