बुडाला मारलेली खूण

कोणावर विश्वास टाकायचा म्हटलं की जगदेवला आधी घाम फुटायचा. मेडशी गावात हे सगळ्यांना ठाऊक. मागे कोण्या वर्कशॉपवाल्यानं त्याच्या थ्रेशरचं नवं बेअरिंग काढून जुनं बसवून दिलं, तेव्हापासून हा माणूस दुधानं पोळलेला; ताकच काय, पाणीही फुंकून प्यायचा. अन् असा माणूस बापाची मोटार दुसऱ्याच्या हाती देतो, म्हणजे पाहा बापा!

मोटार म्हणजे नव्वद वर्षांपूर्वीची, उघड्या टपाची, दोन सीटची रोडस्टर. बाप गेला तेव्हा जगदेव सहा वर्षांचा होता. फोटोही धड नाही. बापाचा हात लागलेली अशी तेवढी एकच वस्तू उरलेली, अन् तिच्यात गोठ्यातल्या कोंबड्या अंडी घालत. पुण्याहून आलेल्या लेकानं, विकासनं, फोनवर दाखवलं की अशा गाड्यांचे मडगार्ड काढतात, काच कापून बुटकी करतात, गाडी जमिनीलगत आणतात, मोठं इंजिन बसवून ते उघडंच ठेवतात. हॉट रॉड म्हणतात तिला. जगदेव चार दिवस दुसरं काही बोलला नाही.

हे काम करील असा तालुक्याच्या मालेगावात एकच, सैफुद्दीन मिस्त्री. त्याच्या हातात पत्रा पोळीसारखा वळायचा. पण गाडी टेम्पोत चढवण्याआधी जगदेवला बायकोची, तुळसाबाईची, रीत आठवली. लग्नकार्याला भांडी उसनी द्यायची तर ती प्रत्येक भांड्याच्या बुडाला, जिथं कोणाची नजर जात नाही तिथं, खिळ्यानं खूण मारायची. परत आलेलं पातेलं आपलंच आहे हे मग कळतं. झालं! खिळा घेऊन जगदेव गाडीखाली शिरला. दारांच्या खालच्या कडेला, पायाखालच्या पत्र्याला, डिकीच्या तळाला त्यानं एक फुली अन् खाली दोन टिंबं कोरली.

मग दर आठवड्याला एस.टी.नं मालेगावच्या फेऱ्या. अन् दर वेळी गाडी आधीपेक्षा कमी! आज मडगार्ड नाहीत, पुढच्या खेपेला काच अर्धी, नंतर बॉनेटच्या बाजू गायब. लष्करातून निघालेल्या जोंगा गाडीचं सहा सिलिंडरचं इंजिन आलं, हे खरं. पण जुनं गेलं कुठं? कोपऱ्यात ताडपत्रीखाली आहे, मिस्त्री म्हणाला. जगदेवनं ताडपत्री उचलून पाहिली. इंजिन होतं. तरी त्याचं समाधान होईना.

मिस्त्री चहा मागवायचा अन् हा कपाआडून त्याचे हात पाहायचा. अशात कळलं की शिरपूरचा कोणी माणूस येऊन गाडीचे फोटो काढून गेला. संशयाला काय, पाणी घालावं लागत नाही. कुंपणच शेत खाऊन राह्यलं, हे जगदेवच्या डोक्यात पक्कं बसलं.

शुक्रवारी दुपारी मिस्त्री नमाजाला गेलेला पाहून तो गाडीखाली आडवा झाला. मोबाईलच्या उजेडात दाराची कड पाहिली. खूण नाही. दुसरं दार, पायाखालचा पत्रा, डिकी... कुठंच नाही. सगळा पत्रा कोरा करकरीत. बाप दुसऱ्यांदा गेला, असंच वाटलं जगदेवला.

मिस्त्री परत आला तेव्हा तो तसाच, ग्रीसनं माखलेला, दारात उभा होता.

"मिस्त्री, माह्या बापाची गाडी कोणाले इकली?"

सैफुद्दीननं त्याला हाताला धरून गाडीजवळ नेलं अन् डॅशबोर्डवरचं फडकं ओढलं. मधोमध तळहाताएवढा जुन्या पत्र्याचा तुकडा, गंज घासून, तेल लावून, चार रिव्हेटांनी बसवलेला. त्यावर एक फुली अन् खाली दोन टिंबं.

गंज नेहमी बुडापासून चढतो, मिस्त्री शांतपणे सांगू लागला. दारांच्या खालच्या पट्ट्या अन् तळाचे पत्रे चाळणी झाले होते, तेवढेच कापून नवे जोडले. वरचा सगळा पत्रा जुनाच आहे. कापताना जिथंतिथं हीच खूण दिसली. बाकीचे तुकडे त्यानं तारेत ओवून भिंतीला टांगले होते.

"तुमच्या वडलांच्या हातची निशाणी दिसते, म्हणून एकबी तुकडा फेकला नाई, भाऊ. गाडी चालवतानी डोळ्यासमोर राहीन."

जगदेवनं नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. कोणाला कळणार होतं? पण बापाच्या नावावर हे खपवायला त्याची जीभ रेटेना. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

"थे माह्या बापाची नाई, मिस्त्री. माही हाये. तुमी पत्रा बदलसान म्हणून म्याच मारली."

सैफुद्दीन चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं ड्रिल घेतलं, चारही रिव्हेट उडवले अन् तो तुकडा जगदेवच्या हातावर ठेवला.

"मंग हे घरी न्या. गाडीत याचं काम नाई."

डॅशबोर्डवर चार भोकं राहिली. ती बुजवून देतो, रंग मारल्यावर दिसणार नाहीत, मिस्त्री खाली पाहत म्हणाला.

"राहू द्या," जगदेव म्हणाला. "मले दिसली पायजे."