अर्धी टोपली

वेनिंगचा बाप, म्हणजे तिचा बापाक, मेरापी ज्वालामुखीच्या पायथ्याला नदीत उतरून वाळू काढायचा. वर डोंगरावर पाऊस झाला की चिखल-धोंड्यांचा लोंढा यायचा, आणि खाली रखरखीत उन्हात कुणाला त्याचा पत्ताच नसायचा. म्हणून गावच्या पूर-चौकीत बू रुक्मींनी, म्हणजे रुक्मीबाईंनी, संगणकावर आज्ञांची एक ओळ लिहिली होती. वरच्या यंत्राकडून पाण्याची उंची येत राहायची, मधली चाळणी, म्हणजे कुणा परक्याने लिहिलेला तयार प्रोग्राम, धोक्याचे आकडे तेवढे पुढे सोडायची आणि शेवटी भोंगा. मध्ये जोडायला नुसत्या उभ्या रेघा. बू त्यांना पाइप म्हणायच्या.

चौकीत नव्याने लागलेल्या वेनिंगला वाटे, आधी पहिल्याचं काम संपत असेल, मग दुसरा सुरू होत असेल.

"नदी कधी संपणार, न्दुक?" बू हसल्या. लाडात आल्या की त्या पोरींना न्दुक म्हणत. "लग्नघरी शेजारणी रांधायला बसतात ना, तसं आहे हे. एक सोलते, एक चिरते, एक तळते. बसतात मात्र सगळ्या एकदमच."

वेनिंग खुळावलीच. ती चाळणी लिहिणाऱ्याने मेरापी डोळ्यांनी पाहिलाही नसेल, आणि तरी ती इथे बिनबोभाट राबत होती. केवढं हे शहाणपण!

पण वरचं यंत्र पाण्यात बुडवून पाहिलं तर भोंगा गप्प. भोंगा काढला की चाळणी तेच आकडे पडद्यावर झरझर दाखवी. जोडला की चिडीचूप. बूंचा चेहरा उतरला. सकाळी माणसं याच भोंग्याच्या भरवशावर नदीत उतरणार होती, आणि त्यांत बाप होता.

वेनिंग चाळणी आणि भोंगा यांच्यामधल्या रेघेकडे बघत राहिली.

"बू, आमची सुमिनाकाकू अशीच चिरते," ती एकदम म्हणाली. "यजमानीण समोर असली की एकेक फोड पुढे देते. नसली की टोपली भरेपर्यंत मांडीवर धरून बसते."

बूंनी कपाळावर हात मारला. चाळणी पडद्याला लगेच देत होती आणि पुढे भोंग्यासारखा दुसरा प्रोग्राम असला की गठ्ठा होईपर्यंत साठवत होती. त्यांनी तिच्यापुढे एक शब्द वाढवला. त्याचा अर्थ: आकड्यांची एक ओळ आली की लगेच पुढे सोड. भोंगा असा कोकलला की अंगणातल्या कोंबड्या उडाल्या.

पुढच्याच आठवड्यात कडक उन्हात तो पुन्हा वाजला. बाप फावडं घेऊन धापा टाकत वर आला. त्याच्या पाठीमागे नदी तपकिरी होऊन गर्जत होती.

"टोपली अर्धीच भरली होती," तो कुरकुरला.

वेनिंगला हसू आणि रडू एकदमच फुटलं.

"भरायची वाट नाही बघायची, बापाक," ती म्हणाली.