डॉक्टरांच्या सहीशिवाय

बालविभागातल्या औषधांच्या कपाटाला आतून एक तक्ता चिकटवलेला होता. कुठल्या वजनाच्या बाळाला कुठलं औषध किती मिलिलिटर द्यायचं, ते त्यावर होतं. तक्ता मोठ्या डॉक्टरांनी स्वतः केलेला, म्हणजे ब्रह्मवाक्यच. पण परवा झटक्यांच्या औषधाची नवी बाटली आली आणि तेव्हापासून तीन नंबरच्या खाटेवरची तान्ही पोर दुधालाही जागी होईना.

"सर, ही बाटली जास्त जोराची दिसतेय," सिस्टर म्हणाली.

"तक्ता मी केलाय. तुम्ही द्यायचं काम करा."

इथे शंका खालून वर गेली की तिला उद्धटपणा म्हणतात. पुढची मात्रा दुपारी दोनला होती. ड्यूटीवरच्या जोडीदारणीला सिस्टरने बजावलं, "मी येईपर्यंत हिला थेंबही देऊ नकोस," आणि तडक तळमजल्यावरचं वाचनालय गाठलं. दारावर पाटी होती: नर्सना डॉक्टरांच्या सहीच्या चिठ्ठीवरच प्रवेश.

"चिठ्ठी?" ग्रंथपाल काकूंनी विचारलं.

"नाही. मिळणारही नाही. बाळाचं औषध बघायचंय."

काकूंनी चष्म्यावरून पाहिलं. तीन महिन्यांत त्यांच्याकडे एकच डॉक्टर फिरकला होता, तोही पंख्याखाली डुलकी काढायला.

"सहीवाले येत नाहीत आणि येणारीला सही नाही. बस गं. औषधांचं नवं पुस्तक आलंय, अजून कुणी उघडलेलं नाही."

पुस्तकात मात्रा किलोमागे मिलिग्रॅममध्ये होती. एका मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम, हा बाटलीवरचा आकडा धरून सिस्टरने तीनदा हिशेब केला. तिन्ही वेळा तक्त्यातली मात्रा दुप्पट निघाली. चार मात्रा तिच्याच हाताने गेल्या होत्या. तिला रडू आलं, आणि त्याहून जास्त संताप आला.

"पुस्तक बाहेर न्यायची बंदी आहे," काकू उठत म्हणाल्या, "म्हणून मी त्याच्यासोबत येते."

वॉर्डात राउंड चालू होता. मोठ्या डॉक्टरांच्या कपाळावर आठ्या चढल्या. "तुम्हाला वाचनालयात कुणी सोडलं?"

"मी," काकू म्हणाल्या.

"आधी हे पान वाचा, सर," सिस्टर म्हणाली. "मग काय विचारायचं ते विचारा."

बाळाची आई बघत होती, त्यामुळे वाचावंच लागलं. त्यांनी पान वाचलं, बाटली फिरवून पाहिली, पुन्हा पान वाचलं. मग हळू आवाजात म्हणाले, "दोनची मात्रा थांबवा. रक्त तपासायला पाठवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी पोर भोकाड पसरून जागी झाली आणि दुधाला लागली. कपाटात नवा तक्ता आला. त्याच्या पाठोपाठ सिस्टरला मेमोही आला: परवानगीशिवाय वाचनालयात का गेलात, याचा लेखी खुलासा करावा.

तिने उभ्या उभ्याच खाली लिहिलं, "बाळ जागं होत नव्हतं म्हणून गेले. पुन्हा शंका आली तर पुन्हा जाईन."