काचा धुणाऱ्या ब्रशचा राग

मित्रांनो, मी एक जुना ब्रश आहे. दात घासायचा नव्हे आणि भिंत रंगवायचाही नव्हे. इमारतींच्या उंच काचा धुणाऱ्यांच्या हातात जो लांब दांडा असतो, त्याच्या टोकाला मी बसतो. दांड्यातून पाण्याची नळी वर येते, माझ्या भोकांतून पाणी सुटते, माझे केस काच घासतात आणि जमिनीवर उभ्या उभ्या तिसऱ्या मजल्याची खिडकी धुता येते. दोरावर लटकायला नको, शिडीवर चढायला नको. असे चांगले काम माझ्या वाट्याला आले, तरी मी रागावलेला आहे. का रागावलो आहे, ते सांगतो.

माझा जन्म नाशिकच्या सातपूर भागातल्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये झाला. तिथे फकिरा मिस्त्री एकटाच काम करतो. एके दिवशी त्याच्याकडे साफसफाईच्या एका कंपनीचा सुपरवायझर ललित आला. त्याने मोबाइलवर परदेशातल्या ब्रशचा फोटो दाखवला आणि म्हणाला, "असाच पाहिजे. आठ दिवसांत."

फकिरा म्हणाला, "साहेब, वापरणार कोण? त्या माणसाला एकदा घेऊन या. त्याचा हात, त्याची उंची बघून बनवतो."

"ब्रश आहे तो, चप्पल नाही. माप कशाला हवं?" ललित म्हणाला आणि निघून गेला.

तिथेच माझा घात झाला. फोटोवरून अंदाजाने मी तयार झालो. माझी पाण्याची भोके केसांच्या बाहेर, अगदी कडेला पडली. केस इतके कडक, की काचेवर करकर वाजायचे. दांडा जाड अ‍ॅल्युमिनियमचा. मुठीत मावायचा नाही आणि ओला झाला की निसटायचा. मी दिसायला मात्र फोटोसारखा होतो.

माझा हा दांडा लंकाबाईंच्या हातात आला. लंकाबाई हरसूलकडच्या डोंगरातल्या. उतारावरच्या शेतात नागली लावलेले, जळणाच्या मोळ्या वाहिलेले त्यांचे हात. आधी द्राक्षांच्या हंगामापुरत्या नवऱ्याबरोबर नाशिकला यायच्या, मग इथेच राहिल्या आणि कंपनीत फरशी पुसायला लागल्या. काचा धुणे हे तोवर दोरावर उतरणाऱ्या पुरुषांचे काम होते. मी आलो म्हणून ते बायकांनाही मिळाले. पहिल्या दिवशी मला उभा धरून त्या सोबतच्या सुवर्णाला म्हणाल्या, "वाकून वाकून कंबर गेली माझी. आता वर बघून काम करायचं."

सुवर्णा वीस-बावीस वर्षांची होती. ती माझी नळी सांभाळायची.

पहिलेच काम एका तीन मजली दवाखान्याचे होते. लंकाबाईंनी मला वर नेले, पाणी सोडले. पाणी केसांत आलेच नाही. ते पुढे उडाले आणि उरलेले दांड्यावरून ओघळत त्यांच्या बाहीत शिरले. दुपारपर्यंत त्या कमरेपर्यंत भिजल्या, खांदे भरून आले. पण काचा धुतल्या. तासाभराने काचा वाळल्या आणि त्यांच्यावर पांढरे ठिपके उमटले. जणू कोणी चुन्याचे पाणी शिंपडले होते.

ललितने ठिपक्यांवर बोट फिरवले. "लंकाबाई, हात चालत नाही का? पुन्हा धुवा."

त्यांनी पुन्हा धुतल्या. ठिपके वाढले. तिसऱ्यांदा धुतल्या. संध्याकाळी ललित सगळ्या बायकांसमोर म्हणाला, "फरशी पुसणारीला काच दिली की असंच होणार."

मला तोंड असते तर मी ओरडलो असतो. ठिपके बोअरच्या पाण्यातल्या क्षारांचे होते. ओघळ माझ्या चुकीच्या भोकांचे होते. या बाईची त्यात काय चूक? पण खराब काम दिसले की वर हत्याराकडे कोणी बघत नाही, खाली हाताकडे बघतात.

लंकाबाई मात्र बघत होत्या. त्याच दवाखान्याच्या मागच्या बाजूला एका खिडकीवर वरच्या एसीची नळी ठिबकत असे. ती काच कोणी धुतली नव्हती, तरी पाणी पडे तेवढा पट्टा आरशासारखा लख्ख होता. आठ दिवस त्या येता-जाता तो पट्टा बघत होत्या. नवव्या दिवशी त्यांनी नळीखाली बादली ठेवली. बादली भरल्यावर एका काचेचा अर्धा भाग बोअरच्या पाण्याने धुतला, अर्धा या पाण्याने. मग दोघी समोर पायरीवर बसून काच वाळायची वाट बघत राहिल्या.

"मावशी, हा अर्धा बघा. एक पण डाग नाही," सुवर्णा म्हणाली.

"मग हात चालतो माझा," लंकाबाई म्हणाल्या. "पाणी चालत नाय."

त्यांनी ललितला बोलावून काच दाखवली. तो म्हणाला, "मग काय, एसीचं पाणी गोळा करत फिरायचं का?" आणि फोनवर बोलत पुढे गेला.

त्यानंतरच्या आठवड्यात आम्ही एका दुकानाच्या दर्शनी काचा धुवत होतो. वर दिव्यांची पाटी होती आणि तिची एक वायर सोललेली होती. खालून ती दिसत नव्हती. माझा ओला दांडा तिला लागला. लंकाबाई फेकल्यासारख्या मागे पडल्या. त्यांची बोटे आखडली, ओठ पांढरे पडले. सुवर्णाने त्यांना सावलीत ओढले, तळपाय चोळले. अर्ध्या तासाने ललित आला. त्याने विचारले, "चप्पल ओली होती का?"

मित्रांनो, माझ्या अंगातून ती वीज खाली गेली होती. तो प्रश्न ऐकून मला स्वतःची लाज वाटली आणि त्याची चीड आली.

सुट्टीच्या दिवशी लंकाबाई मला खांद्यावर टाकून, पत्ता विचारत विचारत फकिराच्या वर्कशॉपमध्ये पोहोचल्या.

"हा तुम्ही बनवला का, भाऊ?" त्यांनी विचारले.

"हो ताई. काय झालं?"

"ज्याला धरायचाय त्याला विचारलं नाय तुम्ही."

फकिराने मान खाली घातली. "मी म्हटलं होतं त्यांना. पण बनवला मीच, हे खरं. सांगा, काय काय चुकलं?"

लंकाबाईंनी सगळे सांगितले. नुसते सांगितले नाही, मला भिंतीला टेकवून, दांडा हातात घेऊन दाखवले. पाणी कुठे पडते, मनगट कुठे दुखते, वरची चौकट घासताना मी वाकत का नाही. फकिरा खडूने माझ्यावर खुणा करत गेला. त्याने माझी जुनी भोके बुजवली आणि केसांच्या मधोमध नवी पाडली. आता पाणी केसांतूनच काचेवर उतरू लागले. कडक केस काढून मऊ बसवले. मान फिरावी म्हणून बिजागरी लावली. पुढच्या सुट्टीला लंकाबाई पुन्हा आल्या. "केस लय मऊ झाले. पाखरांची घाण निघत नाय," म्हणाल्या. मग कडेला थोडे कडक, मध्ये मऊ असे केस बसले. असे चार वेळा झाले. इतक्या काळजीने मला कोणी हात लावला नव्हता.

दांड्याचे बोलणे निघाले तेव्हा फकिरा म्हणाला, "माझा मेव्हणा एकलहऱ्याला वीज केंद्रात आहे. त्यांच्याकडे फायबरच्या काठ्या असतात. हलक्या, आणि कोरड्या असल्या तर वीज उतरत नाही. आपण दांडा फायबरचा करू. पण ताई, तुमचा तर ओला होणार. मोठ्या तारेजवळ तो पण न्यायचा नाही."

"नाय नेणार," लंकाबाई म्हणाल्या.

पाण्याचा उपायही फकिरानेच सांगितला. बॅटरीत घालायचे पाणी करतात तशी क्षार काढणारी टाकी मिळते, ती चाकांच्या गाड्यावर ठेवायची. त्याने स्वतः जाऊन ललितला पटवले. टाकी आली. दवाखान्याच्या काचा एका दमात धुऊन झाल्या, वाळल्या आणि तशाच स्वच्छ राहिल्या. लंकाबाई खाली उभ्या राहून बराच वेळ वर बघत होत्या. त्या दिवशी त्यांची बाही कोरडी होती.

माझे कौतुक सुरू झाले. कंपनीच्या मोठ्या साहेबांसमोर ललितने मला टेबलावर ठेवले आणि सांगितले, "सर, आपण स्वतः डेव्हलप केलाय." माझा फोटो कंपनीच्या माहितीपत्रकावर छापला. दांडा ललितच्या हातात होता. त्याने तो उलटा धरला होता.

सुवर्णाने ते पत्रक आणून दाखवले. "मावशी, तुमचं नाव कुठंच नाही."

"काच सफा झाली ना," लंकाबाई म्हणाल्या. पण पत्रक त्यांनी चार घड्या करून टाकीच्या डगमगत्या चाकाखाली दाबले.

तेवढ्यावर थांबले असते तर मी राग गिळला असता. पण पत्रक बघून पाच मजल्यांच्या एका हॉटेलचे काम आले. माझा फायबरचा दांडा तिसऱ्या मजल्यापर्यंतच पोहोचायचा. ललितने फकिराला न विचारता कुठून तरी अ‍ॅल्युमिनियमचा लांबलचक दांडा आणला आणि मला त्याच्या टोकाला बसवले. हॉटेलच्या बाजूने विजेच्या तारा जात होत्या. भिंतीपासून चार-पाच हात लांब, दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर.

लंकाबाईंनी एकदा तारांकडे पाहिले, एकदा दांड्याकडे. मग मला जमिनीवर आडवे ठेवले.

"साहेब, हा मी उचलणार नाय. लाइन बंद करून आणा."

"लाइन कशी बंद होईल? सांभाळून धरा. लांबून धरा."

"वाऱ्यानं हलतो तो. पाच मजले वर गेल्यावर मी काय सांभाळणार?"

"मग बाजूला व्हा," ललित म्हणाला. "सुवर्णा, उचल."

सुवर्णा जागची हलली नाही. "कामावर राहायचंय ना?" त्याने विचारले. तिच्या घरी ती एकटीच कमावती होती आणि हे त्याला ठाऊक होते. ती वाकली. तिने दांडा दोन्ही हातांनी धरला.

त्याच वेळी हॉटेलला पाणी देऊन एक टँकर हळूहळू फाटकाकडे निघाला होता. लंकाबाईंनी सुवर्णाच्या हातातून दांडा ओढून घेतला, चार पावले पळत गेल्या आणि तो टँकरच्या मागच्या चाकापुढे टाकला. मला सोडवून घ्यायला त्यांना वेळ नव्हता. चाक दांड्यावरून गेले. दांडा चपटा झाला, दुमडला, आणि माझा एक कोपरा कडकन तुटला.

मग लंकाबाई म्हणाल्या, "आता उचल म्हणा तिला."

त्यांना त्याच दिवशी कामावरून काढले. दुसऱ्या दिवसापासून सुवर्णाही गेली नाही. माझा कोपरा त्यांनी तोडला, त्याचा मला राग नाही. ते माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले काम होते.

काही दिवसांनी ललित मला घेऊन फकिराकडे आला. "असे वीस बनवा. दांडा अ‍ॅल्युमिनियमचा, पाच मजल्यांचा."

फकिरा म्हणाला, "फायबरचा असेल तर बनवतो. आणि प्रत्येक ब्रशवर लंकाबाईंचं नाव टाकणार."

ललित मला तिथेच सोडून निघून गेला. कोणीतरी दुसऱ्याने त्याला ते वीस बनवून दिले असतील. ते कोणाच्या हातात असतील, कोणत्या तारेखाली असतील, हा विचार मनात आला की माझे उरलेले केस ताठ होतात.

लंकाबाई आणि सुवर्णा आता स्वतः कामे घेतात. दोन शाळा आहेत, एक दवाखाना आहे. फकिराने त्यांना नवा ब्रश करून दिला. तार असेल तिथे त्या सरळ नाही म्हणतात. दोन कामे त्यामुळे गेली, तरी म्हणतात. मी वर्कशॉपच्या खुंटीवर असतो.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. माझे केस पुन्हा बसवता येतात. पण तुमच्या शाळेखाली किंवा बाबांच्या ऑफिसखाली कोणी लांब दांडा घेऊन, मान वर करून उभी दिसली, तर आधी दांडा कशाचा आहे ते बघा. वर तार आहे का ते बघा. असेल तर तिला थांबवा, कोणी रागावले तरी थांबवा. आणि तिने आपणहून दांडा खाली ठेवला, हात बांधून ती उभी राहिली, तर तिला कामचुकार म्हणू नका. तिच्या शेजारी जाऊन उभे राहा.