कोकिळाची जबानी

पोराच्या भाजलेल्या हाताला बांधलेल्या चिंधीवर तेलाचा डाग वाढतच होता. सकाळी बोराएवढा होता, आता मनगटावरच्या गाठीपर्यंत आला होता. मंजुळाबाई त्यावरची माशी हाकलत होती, पण डोळे दाराबाहेर, शेजारच्या सत्यभामाबाईच्या ओट्यावर. चुन्याची निवळी आणि तिळाचं तेल तिनंच आणून दिलं. हातही तिनंच बांधला. काल पोराचं किंचाळणं ऐकून बाहेरची कडी काढून आत धावली तीही तीच... सगळं तीच. मग चावडीवर जाऊन पाटलाच्या कानावर घालणारी तेवढी दुसरी कोण असेल?

वेचणीच्या दिवसांत गावात कुणाच्या दाराला बाहेरून कडी नसते? नवरा दिवाळीपासून शेगावच्या जिनात कामाला, घरात म्हातारं माणूस नाही, दोन वर्षांचं पोर कापसाच्या शेतात उन्हात कुठं ठेवायचं — म्हणून सहा वर्षांच्या लेकीजवळ, कोकिळाजवळ त्याला ठेवून तीही आठवडाभर जात होती. पण चुलीच्या विस्तवात हात गेला तो तिच्याच पोराचा. उकंडराव पाटलांनी ठाण्यात वर्दी दिली आणि वर तिलाच घाबरवून गेले. बारा वर्षांच्या आतलं लेकरू टाकून गेलं तर कलम आहे, सात वर्षं पडतात म्हणे... टाकून! मी ठेवून गेले होते हो, टाकून नाही. पण ठेवणं आणि टाकणं यातला फरक मोताळ्याहून येणाऱ्या जमादाराला कोण समजावणार? सात वर्षांनी हे पोर मला ओळखेल तरी का?

तोडही सत्यभामाबाईनंच काढली होती. पोरं माझ्याजवळ होती, मी घागर घेऊन विहिरीवर गेले तेवढ्यापुरती कडी लावली, असं मी जमादाराला सांगते, म्हणाली. मंजुळाबाई हो म्हणाली खरी, पण मनातून संशय जाईना. दुसऱ्याचा जाळ स्वतःच्या पदरात कोण घेतं? हिच्या मनात काय आहे... ऐन वेळी फिरली तर? मीच मान पुढं केली आणि दोरी हिच्या हातात दिली, असं तर नाही ना? सकाळपासून ती उगाचच दोनदा डोकावून गेली होती, आणि दोन्ही वेळा मंजुळाबाईनं तिच्या तोंडाकडं न बघता पायांकडं बघितलं होतं.

कोकिळाला मात्र तिनं तीन वेळा पढवलं. काकू होती, पाण्याले गेली. एवढंच. जास्त बोलायचं नाही. पोरगी मान डोलवत राहिली, आणि मंजुळाबाईला वाटलं, संपलं — ही पहिल्याच प्रश्नाला माझ्याकडं बघेल.

रहेमतुल्ला जमादार दुपारी आला. ओट्यावर बसला, पाणी प्याला. पोरं तुझ्याजवळ होती का, असं सत्यभामाबाईला विचारलं, ती जमिनीकडं बघत नुसतं "हाव" म्हणाली. मग त्यानं कोकिळाला जवळ बोलावलं.

"काकू होती तं कडी काऊन लावली वं?"

"भाऊ ओट्यावरून पडते म्हून," कोकिळा म्हणाली.  हे मंजुळाबाईनं शिकवलं नव्हतं. "काकूनं आमाले शेंगा देल्या. मी त्याले सोलून देऊन राह्यली होती. काकू मने, घागर भरून आताच येतो." आणि मग तिचे डोळे भरून आले, अगदी वेळेवर, ओठ थरथरला. "मंग भाऊ रडला."

एकदाही तिनं आईकडं बघितलं नाही. जमादाराकडंच बघत होती.

त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, वही मिटली. असं होतेच घरात, पुढं जपा, म्हणाला आणि निघून गेला. सत्यभामाबाई पदरानं तोंड पुसत मंजुळाबाईजवळ आली, हात दाबून गेली, आणि इतका वेळ जिच्यावर डोळा ठेवला तिचा तो खरबरीत हात साधा, थकलेला लागला. हिनं नसेल सांगितलं. कुणीही सांगितलं असेल. आता काय त्याचं... सुटले मी. मंजुळाबाई हे मनाशी पुन्हा पुन्हा म्हणत होती आणि सुटल्यासारखं काही वाटत नव्हतं.

कोकिळा डोळे पुसून आईजवळ येऊन बसली. डोळे लगेच कोरडे झाले होते.

"आई, बराबर सांगतलं ना म्या?"

हेच डोळे. कालही असेच भरले होते, ओठ असाच थरथरला होता, तो आपल्या आपनच गेला चुलीकडं, म्हणाली होती — आणि मी ते ऐकलं, पोटाशी धरलं, आणि तिथून पुढं गावभर वैरी शोधत बसले. पण विस्तवावर राख मी स्वतः दाबली होती. वर लोखंडी घमेलं पालथं घातलं होतं. ते त्यानं उचललं? दोन वर्षांच्या पोरानं... उचललंही असेल, भांडी ओढायची त्याला खोड आहे. नसेलही. हिला काही भाजून खायचं असेल, भूक लागली असेल, किंवा तो रडरड रडला असेल आणि हिला राग... नाही. विचारावं का? पण विचारून काय मिळणार? ही सांगेल. शेंगा सांगितल्या तसं सांगेल, माझ्या डोळ्यांत बघून, आणि मला कळणार नाही. ती वाट तिला आज सकाळी मीच दाखवली, तीन वेळा.

उद्या पुन्हा वेचणीला जायचं होतं.

"बराबर सांगतलं," ती म्हणाली. मग तिनं निजलेल्या लहान्याला अलगद उचललं आणि दुसऱ्या बाजूला, आपल्या आणि भिंतीच्या मधे ठेवलं. कोकिळा ते बघत होती.